मोठा मासा, लहान मासा आणि बंदरावरची वही

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय, आधीच सांगून ठेवतो.

देवगड आणि मालवणच्या मधल्या एका लहान बंदरावर मी बोटींचे हिशेब लिहितो. डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, लिलावाचे आकडे, सगळं एका लांबट लाल वहीत. कॉलेजात राज्यशास्त्र होतं आणि पाश्चात्त्य राजकीय विचारांचा पेपर मी गाइडातल्या एका तक्त्यावर काढला होता. हॉब्ज : माणूस वाईट, म्हणून अनियंत्रित सत्ता. लॉक : माणूस समंजस, म्हणून मर्यादित सरकार. रूसो : माणूस मुळात चांगला, समाजाने नासवला. तीन रकाने, पंधरा मार्क. त्यानंतर वीस वर्षं या तिघांची आणि माझी गाठ पडली नाही.

गेल्या ऑगस्टात पडली. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी उठली आणि पहिल्याच आठवड्यात बांगडा लागला. आमच्या जेटीला भरतीच्या वेळी तीन बोटी लागतात, ओहोटीला गाळामुळे दोनच. आणि लिलावात पहिल्या मालाला जो दर मिळतो तो अर्ध्या तासाने राहत नाही. त्या पहाटे सात बोटी एकदम आल्या. एक मोठा ट्रॉलर मध्येच घुसला. तिथे आउटबोर्डची एक होडी धक्क्याला बांधलेली होती, तिचा दोर कोणीतरी सुरीने कापला. होडी गरकन फिरली, दोन क्रेट बांगडा पाण्यात. घारींची चंगळ झाली. शिव्या इथे लिहिल्या तर संपादक धागा उडवतील. रोज पायरीवर येऊन बसणारे एक निवृत्त मास्तर तेवढ्यात म्हणाले, "हा बघा मात्स्यन्याय!" मासळीवाल्या बायका हसल्या. त्यांना वाटलं, मास्तर दराबद्दल काहीतरी बोलतायत.

घरी येऊन शब्दाचा माग काढला. कौटिल्य म्हणतो, दंड धरणारा कोणी नसेल तर बलवान दुबळ्याला गिळतो : 'बलीयानबलं हि ग्रसते दण्डधराभावे'. पुढे गोष्ट अशी की या मात्स्यन्यायाला गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा, व्यापारी मालाचा दहावा हिस्सा त्याला बांधून दिला. म्हणजे करार. हे वाचल्यावर हॉब्ज परत काढला (गाइड नव्हे, खरा), आणि चाटच पडलो. माणूस दुष्ट आहे असं तो म्हणतच नाही. तो म्हणतो माणसं साधारण सारखीच आहेत. अगदी दुबळाही डाव टाकून किंवा चार जण जमवून बलवानाचा जीव घेऊ शकतो, म्हणून प्रत्येकाला प्रत्येकाची भीती. भांडणाची कारणं तो तीन देतो : लाभाची चढाओढ, अविश्वास आणि मान.

त्या ट्रॉलरचा तांडेल (बोट चालवणारा म्होरक्या) मला संध्याकाळी भेटला. म्हणाला, "मी नसतो घुसलो तर पाठचा घुसला असता." हे हॉब्जचं दुसरं कारण, शब्दाला शब्द. हाच तांडेल दुसऱ्या दिवशी त्या होडीवरच्या पोरांना वडापाव खिलवत होता. त्याला दुष्ट कुठल्या तोंडाने म्हणू? आणि तिसरं कारण कोणाला बघायचं असेल तर नारळी पौर्णिमेला पहिला नारळ कोणी सोडायचा यावर आमच्याकडे काय चालतं ते बघायला या.

अजून एक गंमत. हॉब्जच्या १६५१ च्या पुस्तकाचं नाव 'लेव्हायथन', म्हणजे बायबलातला समुद्री राक्षस, ज्याला गळ टाकून ओढता येत नाही. मासे एकमेकांना खातात म्हणून या गृहस्थाचा उपाय काय, तर सगळ्यांनी मिळून एक देवमासाच उभा करायचा!

आता मुद्दा. या बंदीच्या दिवसांत जेटीची पाळी ठरवायला बैठक आहे आणि नियम लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात आलंय. म्हणून विचारतो. दोर कापला गेला तो माणूस वाईट म्हणून, की जेटी अरुंद म्हणून?

संकासूर

माणूस वाईटच. जेटी रुंद करा, रुंद जेटीवर दोर कापतील. धागा समाप्त.

गडग्यापलीकडची

संकासूरराव, शिमगा संपलाय. हिशेबनीस, छान लिहिलंत. राजापूरकडून माझी भर.

रूसोने १७५५ मध्ये विषमतेवरच्या निबंधात लिहिलं की ज्याने पहिल्यांदा जमिनीला कुंपण घालून 'हे माझं' म्हटलं आणि ते खरं मानणारी भाबडी माणसं ज्याला भेटली, तोच नागरी समाजाचा संस्थापक. आमच्या सड्यावर तो माणूस कोण हे सगळ्यांना माहीत आहे. माझे चुलत आजोबा. सडा म्हणजे कातळ, पावसाळ्यात चार महिने गवत, गावाची गुरं तिथे चरायची. आजोबांनी एका उन्हाळ्यात जांभ्याचे चिरे आणून गडगा घातला. कोणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी शेजारच्याने घातला, तिसऱ्या वर्षी गुरांना जायला पाणंद राहिली नाही. आज त्या सातबाऱ्यावर ४३ नावं आहेत, त्यातली निम्मी मुंबईत, आणि गडगा ढासळलाय.

माझ्या मते रूसोच्या वाक्यातला जीव कुंपण घालणाऱ्यात नाहीच, 'भाबडी माणसं' या शब्दांत आहे. मालकी चिऱ्यांनी उभी राहत नाही, बाकीच्यांनी हो म्हटल्यावर उभी राहते. पण त्याआधी सगळं गोकुळ होतं हे मात्र मला पटत नाही. सडा सर्वांचा होता तेव्हाही गुरं कोणाची किती यावरून डोकी फुटतच होती, आजीने सांगितलेलं आहे.

आणि हॉब्जचा एक दाखला तुम्ही गाळलात. तो वाचकाला विचारतो, झोपताना दाराला कडी घालतोस, घरातल्या घरात पेटीला कुलूप लावतोस, मग माणसांबद्दल तुझं मत माझ्यापेक्षा वेगळं कुठे आहे? आमचं पुढचं दार दिवसभर सताड उघडं, कोणीही पडवीत येऊन पाणी पिऊन जावं. काजूची बी मात्र आतल्या खोलीत कुलपात. आणि आंब्याच्या दिवसांत बागेत नेपाळी राखण्या.

संकासूर

रूसोने स्वतःची पाच मुलं अनाथालयात पोचवली आणि मग मुलं कशी वाढवावीत यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. अशा माणसाकडून मी मानवी स्वभाव शिकायचा?

गडग्यापलीकडची

पोचवली, खरं आहे. गडगा तरीही तिथेच आहे.

रापणकार

मी जास्त शिकलेलो नाय, पण ह्या माका कळता. माझो आजो रापणीत, म्हणजे किनाऱ्यार ओढूच्या मोठ्या जाळ्यार, होतो. रापण ओढूक चाळीस-पन्नास माणसा लागत. जाळ्याचो वाटो येगळो, होडयेचो येगळो, आणि दोराक हात लावलेल्या प्रत्येकाचो एक. जो तापान निजान असा तेच्या घराकय वाटो जाय. थय पोलीस नाय होतो आणि कोणी लिवन ठेवलला नाय होता.

आता लायटी लावन मासो जमवणारे बोटी रात्री तो भायरच्या भायर उचलतत, किनाऱ्यार येवक काय उरताच नाय. २०१७ सालात सरकारान लायटीर बंदी घातल्यान. कायदो असा, माका म्हायत असा. पण काळोखात तेका बघता कोण? तुमचो तो हॉब्ज बरो असात, पण तेका रात्रपाळी करूक सांगा.

चाकरमानी ८.१७ची लोकल

रापणकार काका, दंडवत! 'हॉब्जला रात्रपाळी' हे डायरीत लिहून ठेवलं.

मी लॉककडून बोलतो. इथे कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, लॉकच्या १६८९ च्या पुस्तकात मालमत्तेच्या प्रकरणात चक्क मासे आहेत. समुद्र ही माणसांची अजून उरलेली मोठी सामाईक जागा, आणि त्यातून जो मासा पकडेल तो श्रमामुळे त्याचा झाला, असं तो म्हणतो. त्याच वाक्यात त्याने अंबरही घातलंय. अंबर म्हणजे बातम्यांत येते ती 'व्हेलची उलटी'. आमच्या गावात एका पोराला किनाऱ्यावर मेणासारखा गोळा सापडला. रात्रभर गावाने त्याला कोट्यधीश केला. सकाळी कोणी तरी सांगितलं की १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे बाळगणं गुन्हा आहे, विकणं तर दूरच. पोराने गपचूप वनखात्याला कळवलं. लॉकच्या हिशेबाने गोळा त्याचा होता. देवमासे कमी झाल्यावर मात्र लॉकचा हिशेब चालत नाही.

का चालत नाही तेही लॉकनेच लिहिलंय. त्याच्या दोन अटी आहेत. एक, इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागे उरलं पाहिजे. दोन, नासून जाण्याआधी वापरता येईल तेवढंच घ्यायचं. ही दुसरी अट माणसाने पैसा शोधून मोडली, कारण पैसा नासत नाही, असं लॉक सांगतो. आपल्या किनाऱ्यावर ती बर्फाने मोडली. माझ्या लहानपणी बांगडा जास्त लागला तर शेजारी फुकट वाटायचे, उरलेला खारवायचे, त्याहून उरला तर माडाच्या मुळात खत. जास्त मारून उपयोगच नव्हता. बर्फाचा कारखाना आला, मग शीतगृह, मग कंटेनर. आता 'पुरे' म्हणायला कारणच उरलं नाही. माणसाचा स्वभाव मध्ये बदलला का? तोच माणूस, त्याच्या हाताशी बर्फ आला एवढंच.

प्राध्यापक नाही

बर्फाचा मुद्दा अव्वल. पूर्ण सहमत.

दोन दुरुस्त्या आणि एक पुरवणी.

हिशेबनीस, मनूला राजा केल्याची गोष्ट कौटिल्य स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. तीर्थक्षेत्री, सभांत, गर्दीत जाऊन राजाच्या हेरांनी आपसात लटका वाद घालायचा, एकाने राजाला नावं ठेवायची, दुसऱ्याने ही गोष्ट सांगून त्याला गप्प करायचं, अशी ती सूचना आहे. म्हणजे सामाजिक कराराचा आपल्याकडचा एक जुना दाखला हा सरकारी प्रचार आहे! मला तर कौटिल्य इथेच सगळ्यांत आवडतो. दंडधर लागतो असं म्हणताना त्याच्या दंडधराबद्दल काही भाबड्या कल्पना नाहीत. पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो ते जसं कळत नाही, तसं कामावरचा अधिकारी पैसे केव्हा खातो ते कळत नाही, हाही त्याचाच श्लोक. (अवांतर : राजधर्म नीट समजून घ्यायचा तर म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९४६ चा तिसरा खंड बघा. काणे चिपळूणजवळच्या परशुरामचे, भारतरत्न १९६३.)

दुसरी, लॉकला 'आशावादी' म्हणायची गाइडांची सवय. त्याने हॉब्जला दिलेलं उत्तर आशावादाचं नाहीच, व्यवहाराचं आहे. रानमांजर आणि कोल्ह्याच्या भीतीने माणसांनी सिंहाच्या तोंडी जाण्यात सुरक्षितता मानावी, इतकी का ती मूर्ख आहेत, असं तो विचारतो. आपल्याकडे म्हणायचं तर कोंबड्यांना कोल्हा नेतो म्हणून राखणीला बिबट्या ठेवणं.

पुरवणी स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमची. सगळे त्याला विसरतात. एका होडीत दोघे वल्ही मारतात, एकमेकांना वचन दिलेलं नसतं, तरी लय जुळते. नियम असेच सवयीने बनतात, असं तो १७४० च्या आसपास लिहून गेला. रापणकार काकांच्या आजोबांची रापण ही तीच. पण हाच ह्यूम १७४८ मध्ये लॉकला बोचकारतो. लॉक म्हणाला होता की देशात राहता, तिथल्या रस्त्याने चालता, म्हणजे सत्तेला तुमची मूक संमती आहे. ह्यूम विचारतो, झोपेत उचलून जहाजावर आणलेला माणूस उडी मारून बुडत नाही, म्हणून कप्तानाला त्याची संमती आहे असं समजायचं का?

तुमच्या वहीत खलाशांची उचल असते ना?

हिशेबनीस

असते. आणि तुम्ही विचारलंत ते बरोबर ठिकाणी लागलं. हंगामाआधी उचल घेतलेला खलाशी मध्येच बोट सोडू शकत नाही, सोडली तर उचल फेडायची कुठून? नेपाळचे, कर्नाटकातले, आता झारखंडचेही असतात. अंगठा माझ्याच वहीत. 'राजीखुशीने' हा शब्द मीच लिहितो.

गांधारीकाठ

धागा दोन दिवस वाचतोय. सगळं छान चाललंय, रापण, वल्ही, पडवीतलं पाणी. पडवीतलं पाणी वाचून लिहायला बसलो.

मी महाडचा. गडग्यापलीकडच्या ताईंच्या पडवीत 'कोणीही' येऊन पाणी पिऊन जातं. कोणीही म्हणजे कोण, हा प्रश्न आमच्या गावाने सगळ्या जगाला विचारला. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर दंडधर हजर. तरी तळ्यावर जायची कोणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं गेली, पाणी प्यायली. मग मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडलं.

आता हे तुमच्या तक्त्यात बसवा. पाणी कमी नव्हतं, लॉकची अट पुरी होत होती, पुरेसं आणि तितकंच चांगलं उरत होतं. हॉब्जची सगळ्यांविरुद्ध सगळ्यांची लढाई नव्हती, गावात कडेकोट शांतता होती. ह्यूमची वल्ही तर अगदी लयीत चालली होती, शेकडो वर्षांची सवय. फक्त होडीत आम्ही नव्हतो.

म्हणून गावाची सहमती, पूर्वीची रीत, लिहून न ठेवलेले नियम यांचं कौतुक मला बेताचंच. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेब खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर म्हणाले, लोकांना फार लागलं होतं. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं मूळ असलेला माणूस होता, कोकणातलं खेडं त्यांनी पुस्तकात बघितलेलं नव्हतं.

आणि लॉकचे मासे सांगितलेत तर तिथलाच नोकरही सांगा. माझ्या नोकराने कापलेलं गवताचं ढेकूळ माझी मालमत्ता, असं लॉक त्याच प्रकरणात लिहितो. श्रम नोकराचे, मालकी धन्याची! हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचा खोत आठवला. कुळाने कातळ फोडून भात पिकवायचं आणि सारा वसूल करणाऱ्याने मालक व्हायचं. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करायचं बिल मांडलं ते यासाठी. खोती गेली मात्र १९४९ च्या कायद्याने.

शेवटचं. करार-करार म्हणताय तर दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं अग्गञ्ञ सुत्त वाचा. तिथे भात आपोआप उगवत असतो, जेवणापुरतं आणायचं. मग एक आळशी दोन्ही वेळचं एकदम आणतो, दुसरा दोन दिवसांचं, तिसरा चार दिवसांचं. साठवण सुरू झाल्यावर तांदळाला कोंडा येतो, कापलेलं पुन्हा उगवत नाही, शेतं वाटली जातात, एक जण दुसऱ्याचं चोरतो. मग लोक आपल्यातलाच एक निवडतात, रागवायचं तिथे रागव म्हणतात आणि त्याला भाताचा हिस्सा देतात. त्याचं नाव महासंमत, म्हणजे लोकांनी मिळून मान्य केलेला. चाकरमानी, तुमचा बर्फ तिथे आहे बघा. आणि हा राजा कुठल्या देवाने दिलेला नाही.

हिशेबनीस, साधा प्रश्न. तुमच्या बैठकीला कोणकोण आहे?

गडग्यापलीकडची

गांधारीकाठ, 'कोणीही' हा शब्द मी विचार न करता लिहिला. आईला काल फोन करून विचारलं. तिच्या लहानपणी काही जणांना पाणी वरून ओतायचे, पडवीच्या खाली उभं करून. मला हे माहीत नव्हतं. प्रतिसाद संपादित करत नाही, राहू दे तसाच.

संकासूर

(प्रकाटाआ : प्रतिसाद काढून टाकला आहे)

हिशेबनीस

बैठकीला बोटमालक. एकूण एकवीस. खलाशी नाहीत, मासळी उचलणाऱ्या बायका नाहीत. हे मी आजवर वहीत पाहिलं होतं, डोळ्यांनी नाही.

प्राध्यापक नाही

मग नियम लिहिण्याआधी तुर्कस्तानातल्या अलान्या बंदराची गोष्ट वाचा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या १९९० च्या पुस्तकात आहे (२००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल). शंभरेक कोळी, दोन-तीन माणसांच्या लहान होड्या, आणि चांगल्या जागांवरून हाणामाऱ्या. त्यांनी काय केलं, तर सगळ्या जागांची नावं लिहून यादी केली आणि दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या दिवशी चिठ्ठीत येईल ती जागा, मग जानेवारीपर्यंत रोज एक जागा पूर्वेला सरकायचं, त्यानंतर रोज एक जागा पश्चिमेला. त्यामुळे चांगली जागा प्रत्येकाला मिळतेच. राखण करायला वेगळा माणूस लागत नाही, कारण ज्याची आज चांगल्या जागेची पाळी आहे तोच डोळ्यांत तेल घालून बसतो. यादीची एक प्रत महापौराकडे आणि पोलिसांकडे. म्हणजे देवमासा लांबून बघतोय, पण नियम त्याने केलेले नाहीत.

गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये सामाईक कुरणाची शोकांतिका (सगळ्यांचं कुरण प्रत्येक जण जास्त चारून उजाड करतो) लिहिली तेव्हा जगाला दोनच वाटा दिसत होत्या, सरकारचा दंड किंवा खाजगी गडगा. ऑस्ट्रॉमबाईंनी गावोगावच्या नोंदी काढून तिसरी दाखवली. पण गांधारीकाठ यांचा प्रश्न तिथेही उरतोच. चिठ्ठ्यांत नाव कोणाचं घालायचं हे चिठ्ठ्या ठरवत नाहीत.

संकासूर

आधीचा प्रतिसाद रागात लिहिला होता, काढला. आता कामाचं सांगतो. रानडुकराची शिकार झाली की आमच्या वाडीत वाटे घालतात. केळीच्या पानांवर अकरा वाटे. नियम एकच, वाटे मांडणारा शेवटी उचलणार. माझा मामा वाटे मांडायचा. चरबी आणि हाडं अशी मोजून टाकायचा की वजनकाटा लाजावा.

चाकरमानी ८.१७ची लोकल

संकासूर, हे तर अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचं! १९७१ च्या पुस्तकात केक कापणाऱ्याने शेवटचा तुकडा घ्यायचा हाच दाखला आहे. आपल्या वाट्याला काय येणार हे माहीत नसताना नियम करा, म्हणजे ते न्याय्य होतील, हा त्याचा सगळा डोलारा. जाता जाता, शिकारीचा काळ कुठला ते लिहू नका, वनखातं वाचत असेल.

संकासूर

रॉल्सचं नाही, मामाचं. मामा १९६८ ला वारला. आणि यात माणूस वाईट आहे हे गृहीतच धरलंय, हेही लक्षात घ्या. मामाचा स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून तो नियम.

हिशेबनीस

वाह. 'स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून नियम' यावर मी दोन दिवस अडकलोय. गाइडात हा रकानाच नव्हता.

हिशेबनीस (दीड महिन्याने)

धागा वर आणतोय, बैठक झाली.

बायकांना बोलवायचं म्हटल्यावर दोन मालक उठून गेले, मग चहाच्या वेळी परत आले. खलाशांपैकी बंदीत बहुतेक गावी गेलेले, इथलेच चौघे होते ते आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. नियमांवर दीड तास घासाघीस चालली असताना एका मावशीने विचारलं, "पाळी-पाळी काय करताय? बर्फ फोडायची मशीन जेटीच्या तोंडावर कोणी ठेवलीय? ती हलवा, आणखी एक होडी लागेल." एकवीस मालक आणि मी, वर्षानुवर्षं त्या मशीनला वळसा घालून चालतोय. आमच्यापैकी डोक्यावर टोपली घेऊन कोणी चालत नाही, म्हणून दिसली नाही.

मशीन हलवायचं ठरलं. पाळी अलान्यासारखी : महिन्याच्या सुरुवातीला चिठ्ठ्या, मग रोज एक नंबर खाली सरकायचा. एक जागा लहान होड्यांना कायम राखीव. यादी बर्फघराच्या भिंतीवर, एक प्रत पोलीस ठाण्यात. उचलीचा विषय मी काढला, तो 'पुढच्या बैठकीत' गेला. दंडाची रक्कम ठरली, पण वसूल कोणी करायचा यावर सगळे एकमेकांकडे बघत बसले. वहीत ती ओळ मोकळी आहे.

काल ऑगस्टच्या चिठ्ठ्या काढल्या. पहिला नंबर कोणाचा निघाला असेल? त्याच ट्रॉलरचा.

रापणकार

चिठयो घडी घातल्यान कोणी?